नॉर्वे : महाग काय आणि मोफत काय
लेखमाला : लांबचा प्रवास, बेताचा खर्च (भाग 6)

मागच्या आठवड्यात व्हिसा आणि विमानाच्या तिकिटांचा हिशेब झाला. आता देशात उतरायचं, आणि मी मुद्दामच नॉर्वे निवडला आहे. युरोप फिरून आलेली माणसंही या देशाचं नाव काढलं की खर्चाच्या धास्तीने विषय बदलतात. एक क्रोनर म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये. दोघांनी साध्या हॉटेलात बसून जेवायचं म्हटलं तरी बिल हजारो रुपयांत जातं.

पण ही महागाई सगळीकडे सारखी नाही. नॉर्वेत सर्वांत महाग आहे ती माणसाची मेहनत. सरसकट किमान वेतनाचा कायदा तिथे नाही. बहुतेक क्षेत्रांत कामगार संघटना आणि मालक करार करून दर ठरवतात, आणि वरच्या-खालच्या पगारांतलं अंतर बरंच कमी राहतं. म्हणून वाढपी, टॅक्सीचालक, खोल्या साफ करणारी बाई, यांच्या कामाचे पैसे आपल्याला पुरेपूर मोजावे लागतात. मला हे न्याय्य वाटतं. कमी पैशांत फिरणाऱ्याने त्यावर कुरकुर करू नये. आपली कामं आपण करावीत.

सुरुवात जेवणापासून. हॉटेलात बसून खाल्लं तर 25 टक्के कर, वाणसामानावर 15 टक्के. तेव्हा ‘रेमा 1000’ किंवा ‘किवी’ या दुकानांत जा, ‘किवी’त ‘फर्स्ट प्राइस’ छापाचा स्वस्त माल बघा. पाव, अंडी, बटाटे, गोडसर चवीचं तपकिरी चीज एवढ्यावर दिवस निघतो. नॉर्वेची माणसंही दुपारी घरून आणलेले पावाचे तुकडेच खातात. त्या डब्याला ‘मातपाक्के’ म्हणतात आणि शाळेतल्या पोरांपासून कचेरीतल्या साहेबांपर्यंत तो सगळ्यांकडे असतो. बाकावर बसून डबा उघडायला संकोच नको. नळाचं पाणी निर्धास्त प्या. बाटली घेतलीच तर रिकामी झाल्यावर दुकानातल्या यंत्रात टाका, दोन-तीन क्रोनर परत मिळतात. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा.

घरून मेतकूट, भाजणी, चिवडा जरूर न्या. तूप आणि पेढे मात्र नेऊ नका; युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. डाळ-तांदूळ संपले तर ऑस्लोच्या ग्रोनलांड भागात दक्षिण आशियाई वस्तीची दुकानं आहेत, तिथे भाजीही स्वस्त मिळते.

आता या देशाची खरी श्रीमंती. ‘अलेमान्सरेटेन’ म्हणजे मोकळ्या निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क. ही जुनी रीत 1957 साली कायद्यात आली. शेती आणि घरांचं आवार सोडून जंगल, डोंगर, किनारा कुठेही चाला, मग जमीन खाजगी मालकीची असली तरी. राहत्या घरापासून 150 मीटर लांब तंबू ठोका. एकाच जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर मालकाला विचारा. हा हक्क परदेशी पाहुण्यालाही तेवढाच लागू आहे. ज्या देशात हॉटेलची खोली परवडत नाही, तिथे फ्योर्डच्या काठावरची रात्र कायद्याने मोफत असते, हे मला फार मोलाचं वाटतं. मागे कचरा ठेवू नका, आणि 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत शेकोटी पेटवू नका. स्टोव्हची गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिथे घ्या. तंबू आणि झोपण्याची पिशवी यांत मात्र काटकसर करू नका. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस भर उन्हाळ्यातही पाठ सोडत नाही.

प्रायकेस्टोलेन हा 604 मीटर उंचीचा कडा पाहायला तिकीट नाही, पैसे लागतात ते फक्त गाडी उभी करायला. वाटेवरच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. चढताना त्या कामाकडे जरूर बघा.

तंबू नको असेल तर 1868 साली स्थापन झालेल्या ‘डीएनटी’ या गिर्यारोहण संस्थेच्या पाचशेहून अधिक झोपड्या आहेत. कित्येक झोपड्यांत माणूसच नसतो. सदस्याला अनामत ठेवून किल्ली मिळते. पाणी आपण आणायचं, लाकडं आपण फोडायची. काहींच्या कोठारात खाण्याचे जिन्नस भरलेले असतात. जे घेतलं त्याची नोंद स्वतः करायची आणि पैसे भरायचे. या व्यवस्थेला आपण तडा जाऊ देऊ नये.

रेल्वेचं सोपं आहे: लवकर काढलेलं तिकीट स्वस्त, ऐनवेळचं महाग. ऑस्लो ते बर्गन हा सुमारे सात तासांचा मार्ग 1909 मध्ये सुरू झाला. त्याच्या वाटेवरचं फिन्से हे 1222 मीटर उंचीवरचं स्थानक गाठायला गाडीचा रस्ताच नाही. तिथून सुरू होणाऱ्या पायवाटांचा आणि झोपडी ते झोपडी चालण्याच्या खर्चाचा तपशील पुढच्या आठवड्यात.