अंगावरून पांढरे जाणे: आजार कधी, संरक्षण कधी?

अंगावरून पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी आजारच असतो असे नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात स्राव वाढतो. तो पातळ, पारदर्शक किंवा दुधाळ असेल, खाज वा दुर्गंधी नसेल, तर काळजीचे कारण नाही. योनीमार्ग याच ओलाव्यातून स्वतःची स्वच्छता राखत असतो.

या कामातले मुख्य राखणदार म्हणजे लॅक्टोबॅसिलस जिवाणू. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचे वर्णन केले. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यापासून मिळणाऱ्या साखरेचे हे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो. ७ हा उदासीन सामू, त्याखाली आम्लता. या आंबट वातावरणात अनेक रोगजंतूंची वाढ रोखली जाते.

साबण अल्कधर्मी असतो. तो लावून किंवा जंतुनाशक घालून आतून धुतल्यास हे संतुलन बिघडते. प्रतिजैविकांनी उपयुक्त जिवाणूही मरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटल्याने संरक्षण कमी होते. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जिवाणू वाढले, की करडा-पांढरट, माशासारखा वास येणारा स्राव जातो. बुरशीच्या संसर्गात मात्र स्राव दह्यासारखा घट्ट असतो आणि खाज सुटते. तेव्हा सामू बहुधा बदलत नाही. म्हणून सगळ्या पांढऱ्या पाण्यावर एकच गोळी चालत नाही. दही लावणे हाही उपचार नव्हे.

दुखणे अंगावर काढण्याची किंमत मोठी असते. जिवाणूंचे हे असंतुलन गरोदरपणात असेल तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा आणि एरवी एचआयव्हीसह लैंगिक संसर्गांचा धोका वाढतो. तरीही बाईमाणूस याविषयी बोलत नाही. नंदुरबारप्रमाणेच आदिवासी वस्ती मोठी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

नंदुरबारमध्ये धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ पाड्यांवरून दवाखाना गाठणे सोपे नाही. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या बाईला मुक्कामावर आडोसा आणि पुरेसे पाणी मिळणेही कठीण. अशा वेळी दुखणे लांबणीवर पडते. आशा कार्यकर्तीला सांगणे ही पहिली पायरी ठरू शकते.

स्वच्छतेसाठी बाहेरून साधे पाणी पुरते. पाळीतील कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. स्रावाचा रंग वा वास बदलला, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावे. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. नाहीतर बरा झालेला आजार पुन्हा होतो. पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास मात्र एक दिवसही वाट पाहू नये.