दुसऱ्यांच्या लेकरांची आजी

बालशिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून माँटेसोरीबाईंचें नांव हटकून निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु परदेशांतून येऊन या देशाला आपला मानणाऱ्या व उतारवयांत मुलांच्या शिक्षणाकडे वळलेल्या आणखी एका बाईंची शिक्षिका या नात्यानें फारशी कोणास ओळख नसते. पाँडिचेरीच्या श्रीअरविंदाश्रमांत ज्यांस श्रीमाताजी म्हणत, त्या मिरा अल्फासा यांच्याविषयीं हा लेख आहे. त्यांचा आध्यात्मिक अधिकार हा भक्तांच्या श्रद्धेचा विषय. त्याची चिकित्सा येथें करावयाची नाहीं. वयाच्या ६५ व्या वर्षीं एका फ्रेंच आजीनें मुलांची शाळा कां व कशी काढली, आणि तींतून आपल्या घरांनीं घेण्याजोगें काय आहे, एवढेंच पाहावयाचें आहे.

मिराबाईंचा जन्म २१ फेब्रुवारी १८७८ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील मूळचे तुर्कस्तानचे, आई इजिप्तची. हें कुटुंब आदल्याच वर्षीं फ्रान्समध्यें येऊन राहिलें होतें. तेव्हां परक्या देशांत बिऱ्हाड मांडण्याची रीत त्यांच्या घरांतलीच म्हणावयाची. सात वर्षांच्या होईपर्यंत त्या वाचावयास शिकल्या नव्हत्या, आणि शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें तें नवव्या वर्षीं. मूल तीन वर्षांचें झालें न झालें तों त्याच्या हातीं पाटी देण्याची घाई करणाऱ्या आईबापांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें पॅरिसच्या ज्यूलियां चित्रशाळेंत त्यांनीं चित्रकलेचा अभ्यास केला. १८९७ सालीं आंरी मोरिसे या चित्रकाराशीं त्यांचा विवाह झाला आणि दुसऱ्या वर्षीं त्यांस मुलगा झाला. हा संसार टिकला नाहीं; १९०८ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं.

त्यानंतर त्यांनीं पॉल रिशार यांच्याशीं विवाह केला, आणि २९ मार्च १९१४ रोजीं त्या प्रथम पाँडिचेरीस आल्या. तेथें त्यांची अरविंदबाबूंशीं भेट झाली. हे अरविंदबाबू बडोदें सरकारच्या नोकरींत तेरा वर्षें काढलेले असल्यामुळें जुन्या मराठी वाचकांस परके नाहींत. महायुद्ध पेटल्यावर बाईंना १९१५ सालीं फ्रान्सला परतावें लागलें. तेथून १९१६ सालीं त्या जपानला गेल्या, आणि २४ एप्रिल १९२० रोजीं पाँडिचेरीस आल्या त्या कायमच्या. १९७३ सालच्या नोव्हेंबरांत त्यांनीं देह ठेवला तोहि तेथेंच.

या प्रवासाची एक बाजू चरित्रकथनांत सहसा चटकन् उरकली जाते. जपानला निघतांना त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा होता. पुढें तो लष्करांत गेला, त्याचें लग्न झालें, त्याला दोन मुली झाल्या. पण आईची व त्याची पुन्हां भेट झाली ती १९४९ सालीं, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. नाती फ्रान्समध्यें लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि आजी सात समुद्रांपलीकडे राहिली. आपल्या एकत्र कुटुंबांत नातवंडांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणें हा आजीचा हक्कच समजला जातो. तो हक्क स्वतः पत्करलेल्या मार्गासाठीं या बाईंनीं सोडला. त्याचें मोल मुलानें व नातींनीं किती दिलें असेल याचा विचार वाचकांच्या मनांत येईल, आणि तो यावाहि. मोठीं माणसें मोठीं कामें करतात तेव्हां त्यांच्या घरांतील कोणी तरी मागें राहिलेलें असतें.

मुलें आश्रमांत आलीं तीं युद्धामुळें. पूर्वीं साधकांच्या त्या वसाहतींत लहान मुलांना सामान्यतः प्रवेश नसे. १९४२ सालच्या डिसेंबरांत कलकत्त्यावर जपानी बाँब पडले. त्या धामधुमीच्या काळांत अनेक शिष्य आपल्या बायकामुलांसह पाँडिचेरीच्या आश्रयास आले. घरें झालीं, जेवणाची सोय झाली. पण मुलांनीं दिवसभर करावें काय? तेव्हां २ डिसेंबर १९४३ रोजीं सुमारें वीस मुलांनिशीं शाळा सुरू झाली. नियम मोडून मुलें आंत आलीं, आणि पुढें त्यांच्यामुळेंच आश्रमाचें रूप पालटलें.

शिक्षणाचीं माध्यमें दोन, फ्रेंच व इंग्रजी. गणित व शास्त्रें फ्रेंचमधून. गूल्ड नांवाच्या लेखकानें १९११ सालीं हिंदुस्थानांतील मुलांसाठीं इंग्रजींत नीतिकथांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. त्याच्या आधारानें बाईंनीं फ्रेंचमध्यें गोष्टी लिहिल्या. व्यायामाला अभ्यासाइतकाच मान होता, आणि मुलामुलींना एकच व्यायाम. ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांच्या पचनीं पडण्यासारखी नव्हती. सत्तरी गांठलेल्या बाई स्वतः टेनिस खेळत, मग मुलांच्या क्रीडांगणावर येत, त्यांच्या हातांवर शेंगदाणे ठेवीत आणि वर्ग घेत. सर्वांत लहान मुलांचा हिरवा गट असे; त्याच्याशींहि त्या बोलत बसत. १९५८ सालच्या अखेरीस प्रकृति ढासळेपर्यंत हा क्रम चालला.

१९५० च्या सुमारास आश्रमाच्या त्रैमासिकांत त्यांनीं शिक्षणावर लेख लिहिले. त्यांतील गाभ्याचा विचार असा, कीं मुलाला वळण लावावयाचें तर आधीं आईबापांनीं स्वतःला वळण लावावें. बाप चिडखोर आणि उपदेश शांततेचा, आई खोटें बोलणारी आणि शिकवण सत्याची, असा प्रकार असला तर मूल उपदेश विसरतें व उदाहरण उचलतें. जी चूक आपण रोज करतों तिच्यासाठीं मुलाला रागावूं नये. वारंवार बोलणीं खाऊन मूल निगरगट्ट होतें. भीतीपोटीं लपवाछपवी आणि असत्य जन्मास येतें. म्हणून मुलानें आपण होऊन चूक सांगितली तर तिची क्षमाच केली पाहिजे. मुलानें कांहीं विचारलें, तर प्रश्न वेडगळ आहे किंवा तुला कळणार नाहीं असें म्हणून त्याला गप्प बसवूं नये.

या गोष्टी वाचावयास सोप्या, पण आचरावयास फार कठीण आहेत. आपल्या घरांतून काका, आत्या, आजोबा असे रागावणारे पुष्कळ आणि ऐकून घेणारे थोडे असतात. एकानें क्षमा केली तर दुसरा तीच चूक चारचौघांत उगाळतो. मग मूल कोणाजवळ खरें बोलणार ? तें निदान आजीजवळ तरी बोलावें, आणि तिनें ऐकलेलें तिच्यापाशींच राहावें, एवढें पाळलें तरी मुलाला घरांत एक आधार राहतो.

या शाळेवर आक्षेप घेण्यासारखें कांहीं नाहीं असें नव्हे. १९५९ पासून श्रीअरविंद आंतरराष्ट्रीय शिक्षणकेंद्र या नांवानें ओळखली जाणारी ही संस्था आजहि चालू आहे, आणि ती पदवी देत नाहीं. मुलानें परीक्षेसाठीं न शिकतां शिकण्यासाठीं शिकावें हें तत्त्व उदात्त खरें. पण ज्याला उद्यां नोकरी शोधावयाची आहे त्याच्या बापाच्या छातींत धडकी भरणें स्वाभाविक आहे. ज्या घराला मिळवत्या मुलाची वाट पाहावी लागते, त्या घराला हा मार्ग सोपा नाहीं. मात्र पदवीचा प्रश्न पंधराव्या-सोळाव्या वर्षींचा आहे. चार वर्षांच्या मुलाला भीतीवांचून वाढविण्यास पैसा लागत नाहीं, आणि कोणा विद्यापीठाची अनुज्ञाहि लागत नाहीं.

१५ ऑगस्ट १९५४ रोजीं बाईंनीं आपली इच्छा जाहीर केली, कीं जन्मानें आपण फ्रेंच आहोंत तशाच आपल्या निवडीनें भारतीयहि आहोंत, आणि दोन्ही नागरिकत्वें आपणांस असावीं. त्याच वर्षीं १ नोव्हेंबर रोजीं पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला. नात्यांचा असा दुहेरी हक्क कायद्यानें मिळणें अवघड असतें; तो माणसाच्या वागण्यानेंच सिद्ध होतो. निर्वासितांच्या वीस मुलांसाठीं ज्या बाईंनीं आश्रमाचें दार उघडलें, त्यांना त्या मुलांच्या लेखीं तो तेव्हांच मिळाला असला पाहिजे. आपल्या घरांतील वडील मंडळींनीं त्यांचें सर्व तत्त्वज्ञान स्वीकारावें असें नाहीं. पण आज संध्याकाळीं नातवानें फुटक्या बरणीची कबुली दिली, तर निदान त्याच्यावर आवाज चढवूं नये.