कण्याची जखम आणि जेवणाचं ताट

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले असंख्य सैनिक दगावले ते शय्याव्रणं आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे. पुढे १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली आणि माणसं जगू लागली. तरीही अशा रुग्णांना न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग आजही गाठतात.

याचं एक मूळ कण्यातच आहे. रोगप्रतिकारात वाटा असलेल्या प्लीहेला आणि अ‍ॅड्रीनल ग्रंथींना मेंदूचे निरोप मज्जारज्जूतून जातात. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर ही वाट तुटते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांवर दाखवलं, की इजा वर असेल तर प्रतिपिंडं कमी तयार होतात. खाली असेल तर तसं होत नाही. दुसरीकडे, शरीरात मंद दाह मात्र सतत धुमसत राहतो.

इथे आहाराचा संबंध येतो. इजेनंतर आतडी मंदावतात, त्यातली जंतूंची वस्ती बिघडते. ओहायोच्याच २०१६ च्या प्रयोगात उपयुक्त जंतू खाऊ घातलेले उंदीर इतरांपेक्षा बरे चालू लागले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे! कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाने वीस रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे दाह कमी करणारा आहार दिला. सोबत ओमेगा-३ आणि हळदीतलं कर्क्युमिन अशी पूरकंही होती. त्यांचं नैराश्य आणि मज्जातंतूंच्या वेदना कमी झाल्या, दाहाच्या काही खुणाही उतरल्या. वीस जण म्हणजे फार थोडे, पण आशा वाटावी असं काही त्यात नक्की आहे.

एकाच पदार्थावर भिस्त ठेवणं मात्र धोक्याचं. क्रॅनबेरीने लघवीचा संसर्ग टळतो, असा बराच बोलबाला होता. ऑस्ट्रेलियात ३०५ जणांवर तपासल्यावर तसा फायदा दिसला नाही.

सगळ्यात अवघड गणित रोजच्या ताटाचं. स्नायू आटल्यामुळे उष्मांक कमी लागतात, म्हणून वजन पटकन चढतं. शय्याव्रण झालं, तर प्रथिनं उलट जास्त हवीत: वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. वाटीभर वरणातून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतात. आजारी माणसाला पेज आणि साबुदाण्याची खिचडी भरवणाऱ्या घरात जखम भरायला वेळ लागतो, तो यामुळेही. अंडी, मासे, दही, पनीर, मोड आलेली कडधान्यं यांतून ही तूट भरून काढता येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं, ते डॉक्टरांना विचारूनच.