बाळू पालवणकर : चार रुपयांचा गोलंदाज

पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणाऱ्या बाळू पालवणकरांना ग्रेगसारखे फलंदाज सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायला लावत. बॅट मात्र त्यांच्या हाती फारशी येत नसे. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीला पुढे ‘उपजत’ म्हटले गेले. मला ती या मजुरीत मुरलेली वाटते.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने या चर्मकार तरुणाला घेतले खरे. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चाले, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात! खोपोलीच्या माथ्यावरचा बोरघाट उतरून ते मुंबईला आले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्या संघात ते होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूंनी 18.84 च्या सरासरीने 114 बळी घेतले. संघ बहुतेक सामने हरत असताना, हे विशेष.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. 1937 च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले.