विहिरीकाठी मागितलेले पाणी

मार्गशीर्ष हा भगवंताने गीतेत आपली विभूती म्हणून गौरविलेला मास. गीताजयंती, दत्तजयंती आणि घरोघरची गुरुवारची महालक्ष्मीव्रते यांनी तो भरून जातो. पुष्कळदा याच दिवसांत नाताळही येतो. हा सण आपल्या घरचा नव्हे. परंतु ज्याच्या जन्माचा तो सण, त्या येशू ख्रिस्ताच्या चरित्रातून हिंदू गृहस्थाने नित्याच्या आचरणासाठी काही घ्यावे काय, याचा विचार करण्यास हा काळ उचित आहे.

असे घेणे आपल्या परंपरेस परके नाही. 1664 साली शिवछत्रपतींनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा तेथील फादर अँब्रोज या कॅपुचिन साधूच्या घरास धक्का लावू दिला नाही, असे बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने नमूद केले आहे. शत्रूच्या शहरातही परधर्मातील सत्पुरुष ओळखणारा तो राजा आमच्याच महाड तालुक्यातील रायगडावर पुढे अभिषिक्त झाला. उलट बाजूने पाहावे, तर 1579 साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी भाषेची थोरवी ओळखून ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. त्याने आपली ओवी घेतली. आपण त्याच्या कथेतील बोध घेण्यास संकोच का करावा?

त्या चरित्रातील एकच प्रसंग येथे घेतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो आहे. येशू यहुदियातून गालीलाकडे निघाला असता वाटेत शोमरोन प्रांत लागला. भर दुपारची वेळ. चालून थकलेला येशू एका प्राचीन विहिरीपाशी बसला. शिष्य अन्न आणण्यास गावात गेले होते. इतक्यात एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास आली. यहुदी लोक शोमरोन्यांना हीन लेखीत आणि त्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. ती चकित झाली. यहुद्याने आपल्या हातचे पाणी मागावे हे तिच्या स्वप्नातही नव्हते. परत आलेले शिष्यही बुचकळ्यात पडले. पुढे येशू त्या गावात दोन दिवस राहिला.

येथील मर्म सूक्ष्म आहे. येशूने तिला पाणी दिले नाही, तिच्याकडे मागितले. देणाऱ्याचा हात वर असतो आणि त्या हातात दानाबरोबर अहंकारही लपू शकतो. मागणाऱ्याचा हात खाली असतो. तेथे अहंकारास जागा उरत नाही. आपल्या संतांनाही हे मर्म ठाऊक होते. एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण प्रेमाने ऐकतो. परंतु नाथ अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या घरी जाऊन जेवले, ही कथा अधिक कठीण आहे. पहिलीत देणे आहे, दुसरीत घेणे आहे. पहिलीने लोक नाथांना धन्य म्हणाले. दुसरीसाठी पैठणकरांचा रोष त्यांना सोसावा लागला.

आता ही कथा सोडून आपल्या गावाकडे वळू. महाडच्या चवदार तळ्यास या कथेची विहीर समजा. 1924 साली महाड नगरपालिकेने हे तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ज्या तळ्यावर पशुपक्ष्यांस मज्जाव नव्हता, तेथे माणसांनी पाणी पिताच गावाने काय केले? परतणाऱ्यांवर लाठ्या चालविल्या आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून मंत्रोच्चारात ‘शुद्धी’ केली. ज्या मंत्रांनी आपण विश्वाचे कल्याण चिंतितो, ते मंत्र त्या दिवशी माणसाच्या तहानेविरुद्ध उच्चारले गेले. संस्कृत विद्येच्या उपासकास याहून मोठे दुःख कोणते?

त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. जगात इतरत्र तो नाताळचा दिवस होता. ग्रंथ जाळल्याचे वैषम्य आजही काही भाविकांच्या मनात असेल. परंतु त्या ज्वाळेपूर्वी नाकारलेली ओंजळ आठवावी, म्हणजे क्रम नीट ध्यानात येतो. पुढे तळ्याचा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

न्यायालयाने तळे खुले केले, तरी माजघर खुले करणे गृहस्थाच्याच हाती असते. भांडी घासणाऱ्या बाईंसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला कप आजही काही घरांत दिसतो. त्याच घरात देवापुढे समई तेवत असते. तो कप कोणत्या शास्त्राने वेगळा ठेवला, असे विचारल्यास उत्तर मिळत नाही; ‘पहिल्यापासून आहे’ एवढेच सांगतात.

जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या महापुराने महाड बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. सर्वत्र पाणीच पाणी, पण पिण्यास घोटभर नाही, अशी दशा झाली. तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या पाण्याची बाटली कोणत्या हाताने दिली, हे कोणी विचारले? पुराने जो सोवळेपणा धुऊन नेला, तो चिखल वाळताच परत आणावयाचा काय?

येशूने अखेरच्या रात्री शिष्यांचे पाय स्वहस्ते धुतले. आमच्या भागवतात श्रीकृष्ण धर्मराजाच्या राजसूय यज्ञात पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम पत्करतो. दोन देश, दोन भाषा, पण नम्रतेचे पाणी एकच. शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून कोणी आपला धर्म सोडावयाचा नाही. उलट आपल्याच धर्मात जे नाथांनी आचरून दाखविले, त्याची आठवण त्या कथेने ताजी होते.

तेव्हा भाविक वाचकहो, या मार्गशीर्षात एक लहानसे व्रत घ्यावे. खिडकीतला तो कप आतल्या कपबशांत मिसळून टाकावा. आणि कधी त्या बाईंच्या दारावरून जाणे झाल्यास, पायरीवर बसून त्यांच्याकडे तांब्याभर पाणी मागावे. हे पाणी घेताना जो संकोच गळून पडेल, तोच खरा प्रसाद. तो आपणां सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.