जुन्या संगणकाचा वेग वाढवताना

१९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच्या प्रोसेसरचे सेकंदाला २० लाख ठोके. म्हणजे एका ठोक्याला ५०० नॅनोसेकंद. नुसते ठोके दुप्पट केले, तर मेमरीलाही निम्म्या वेळात उत्तर द्यावे लागते. ते न जमल्यास चुकीची माहिती वाचली जाते व यंत्र अडते. लोअर परळच्या गिरण्यांत माग फार पळवला की सूत तुटे, तसेच हे!

यावर उपाय म्हणजे वेगळ्या पेटीतला जोडप्रोसेसर. ठोके ३० लाख; मेमरी व वीजपुरवठा स्वतःचा. ‘ट्यूब’ या जोडणीतून तो मूळ यंत्राशी बोलतो, मूळ घड्याळाला धक्का लागत नाही.

आपणही आधी जोडण्या स्वच्छ करू, ५ व्होल्ट तपासू, मगच वेग वाढवू. यंत्र तापल्यावरही तासभर बिनचूक चालले, तरच भरवसा ठेवू.