घराचा रंग : पॅसेजच्या तोंडाशी

या आठवड्यात छताबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण मधेच डोंबिवलीहून एका वाचक भगिनींची तक्रार आली.

वन बीएचके घर. हॉलला क्रीम, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजला चांगला ठसठशीत पोपटी. मधे दार नाही, नुसतं मोकळं तोंड. हॉलच्या चारही भिंतींना दोन-दोन हात झाले, तरी पॅसेजच्या तोंडाभोवतीचा क्रीम गुलाबट दिसतो. समोरच्या भिंतीवर मात्र तो क्रीमच. शेवटी रंग कमी पडला आणि रंगाऱ्याने भलतंच काही मिसळून वेळ मारून नेली, असा बाईंचा संशय. रंगारी म्हणतो, बादली एकच होती.

रंगारी बहुधा खरं बोलतोय. असंच एक भांडण पॅरिसमधल्या गोबलँ इथल्या सरकारी कारखान्यात झालं होतं. तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. १८२४ मध्ये मिशेल-युजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगशाळेचा प्रमुख झाला, आणि विणकरांनी गाऱ्हाणं मांडलं की निळ्या-जांभळ्या भागांत सावलीसाठी वापरलेलं काळं सूत फिकं पडतं. शेव्हरलने दुसरीकडचं उत्तम काळं सूत आणून ताडून पाहिलं. आपल्या सुतात काही खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्याला लागून ठेवलं की डोळ्याला काळ्यात निळ्याच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगीची, झाक दिसते आणि काळा विटका वाटतो. या शोधावरचं त्याचं जाडजूड पुस्तक १८३९ मध्ये आलं. तो एकूण १०२ वर्षं जगला.

डोंबिवलीच्या हॉलमध्ये हेच चाललंय. हिरव्याचा विरुद्ध रंग लालसर, म्हणून हिरव्याशेजारचा क्रीम गुलाबीकडे झुकतो. बेडरूममधून पॅसेज ओलांडून हॉलमध्ये येताना तर आणखी, कारण डोळे हिरव्याला सरावून आलेले असतात.

खात्री करायची असेल तर एका जाड कागदाला रुपयाएवढं भोक पाडावं. पॅसेजजवळच्या भिंतीपुढे हात लांब करून तो असा धरावा, की भोकातून फक्त क्रीम दिसेल आणि पोपटी कागदाआड जाईल. मग समोरच्या भिंतीपुढे तसंच करावं. दोन्ही वेळी दिवा तोच हवा. गुलाबी गेला, तर रंगाऱ्याची उरलेली मजुरी देऊन टाकावी.

या खोडीचा सर्वांत जास्त त्रास फिकट रंगांना होतो. क्रीम, ऑफ-व्हाइट, फिकट राखाडी यांचा स्वतःचा जोर थोडा, म्हणून शेजाऱ्याची उलटी छटा त्यांच्यावर चटकन चढते. भडक रंगांचं तसं नाही. फ्रान्समध्ये जिव्हेर्नीच्या घरात क्लोद मोने १८८३ पासून १९२६ मध्ये वारला तोवर राहिला. त्याची जेवणाची खोली पिवळी, तीही दोन पिवळ्यांत रंगवलेली. लगतचं स्वयंपाकघर निळं, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स. पिवळा आणि निळा जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध, त्यामुळे दार उघडलं की कुणीच मळत नाही, दोघेही उजळतात. शिवाय पिवळ्या खोलीत निळी-पांढरी चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत, म्हणजे शेजारच्या खोलीची वर्दी आधीच मिळते.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न फारसा उठत नसे. सोपा काय, माजघर काय, बहुतेक ठिकाणी चुन्याचाच हात, आणि दोन खोल्यांच्या मधे लाकडाची रुंद, काळसर चौकट. आजच्या फ्लॅटमध्ये चौकट गेली आणि रंगाला रंग थेट भिडला.

तेव्हा डोंबिवलीकरांपुढे दोन वाटा आहेत. पोपटी ठेवायचाच असेल तर त्या तोंडाला पांढरी किंवा लाकडी पट्टी बसवून दोन्ही रंग एकमेकांपासून सोडवावेत. नाहीतर शेडकार्डावर त्याच पोपटीच्या पट्टीत दोन-तीन घरं वर जाऊन फिकी छटा घ्यावी. ती आधी पुठ्ठ्यावर दोन हात मारून पॅसेजमध्ये उभी करावी आणि हॉलमधल्या सोफ्यावर बसून पाहावी, एकदा सकाळी आणि एकदा ट्यूब लावून.

मोकळ्या तोंडाशी भिंतीची जी जाडी दिसते, तिला हॉलचाच रंग द्यावा आणि पॅसेजचा रंग आतल्या कोपऱ्यापासून सुरू करावा. बाहेरच्या धारेवर दोन रंग मिळवले तर रेघ सरळ येणं कठीण, आणि पिशव्या, खुर्च्या घासून पहिले टवके तिथेच उडतात.

छत पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर वाचकांनी आपल्या हॉलमधला बीम छतापासून किती इंच खाली उतरलाय तेवढं मोजून ठेवावं. तो छताचा धरायचा की भिंतीचा, यावर रंगाऱ्यांमध्येच दोन तट आहेत.